तात्यासाहेबांचा फोन दुपारी बंद का पडतो

नवऱ्यावर संशय घ्यायचा तर तरुणपणी घ्यावा. तेव्हा अंगात जोर असतो, भांडता येतं, माहेरी निघून जायची धमकी देता येते. साठीला टेकल्यावर हा किडा डोक्यात शिरला म्हणजे बाईची लई पंचाईत. माहेर उरलेलं नसतं, गुडघे कुरकुरतात, घरात सून असते. आणि आपण दाराआड उभं राहून नवऱ्याच्या शर्टाचा वास घेतोय! हसा, हसा. मलापण हसू यायचं, आणि पुढच्याच मिनिटाला अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचे मालक म्हणजे मुकुंदवाडीचे तात्यासाहेब. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण स्टेशनापासून जालना रोडपर्यंत समदी दुनिया त्यांना तात्यासाहेब म्हणते, मग मीच कोणाचं घोडं मारलंय? माझं नाव आवडाबाई. शिवराज आमचा एकुलता एक, शेंद्र्याला कंपनीत आहे. सून मोनिका शाळेत शिकवते. बोलायला गोड, पण नजर लई बारीक.

चिकलठाण्याच्या पुढं आमची जमीन होती. शहर फुगत फुगत तिथवर आलं आणि एकेक वावर प्लॉटिंगमध्ये गेलं. भाऊबंदांनी बंगले बांधले, यांनी जीप घेतली. अजिंठा बघायला आलेल्या पाहुण्यांना फर्दापूरला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, यात कित्येक वर्षं काढली. रस्त्यांच्या बाबतीत या माणसाला गर्व होता, आणि खरं सांगते, तो शोभायचा. कुठल्या गावात कुठून शिरायचं, कोणत्या पुलावर पाणी चढतं, कोणत्या फाट्यावर चहा बरा मिळतो, सगळं तोंडपाठ. वऱ्हाडाची गाडी चुकली की लोक यांना फोन लावायचे. हे अंगणात बाजेवर पडल्या पडल्या सांगायचे, "मारुतीचं देऊळ दिसलं का? तिथं वळू नका. म्होरं या." आणि वऱ्हाड पोचायचं. कोणाला रस्ता विचारणं म्हणजे यांना भीक मागितल्यासारखं वाटायचं. एकदा गाडीतल्या पाहुण्यानं काच खाली करून एका सायकलवाल्याला वाट विचारली, तर हे खाली उतरून रस्त्याच्या कडंला जाऊन बसले. म्हणाले, "आता त्यालाच चालवू द्या."

फर्दापूरला सत्यभामा नावाची बाई ड्रायव्हर लोकांसाठी खानावळ चालवायची. विधवा बाई. तिच्या हातच्या ठेच्याचं कौतुक मी जेवढं ऐकलंय, तेवढं उभ्या जिंदगीत माझ्या कुठल्या भाजीचं ऐकलं नाही. तेव्हा मी तोंडानं काही बोलायची नाही, भांडी जोरात आपटायची. पुढं जीप विकली. सत्यभामेचा मुलगा शहरात नोकरीला लागला आणि ती त्याच्यामागं उस्मानपुऱ्यात राहायला आली, असं कानावर आलं. मी म्हणलं, येईना का. आपल्याला काय करायचंय?

आता सांगते ते दुष्काळाच्या सालातलं. तेव्हा आमच्या शहराला सगळे अजून औरंगाबादच म्हणायचे. जायकवाडी आटलेलं, नळ आठवड्याकाठी एकदा सुटायचा, तोही फुसकारे टाकत. टँकर आला की गल्लीत बायकांची अशी लढाई जुंपायची की बादलीपेक्षा डोकं सांभाळावं लागायचं. आमची एक चिंचोळी पट्टी विकायची राहिली होती. तिच्यातल्या बोअरला देवाच्या दयेनं पाणी होतं. पण शेतीच्या मोटारीची लाईट त्या उन्हाळ्यात भर दुपारीच यायची. म्हणून हे जेवून उठले की घरची छोटी गाडी काढायचे, मागं पाण्याचे कॅन टाकायचे आणि रणरणत्या उन्हात निघायचे.

जाऊन, भरून, परत यायला तास लई झाला. सुरुवातीला तेवढ्यात यायचेही. मग उशीर व्हायला लागला. चहाची वेळ टळायची, गल्लीतली पोरं शाळेतून परतायची, तरी यांचा पत्ता नाही. फोन लावावा तर बाई बोलायची, नंबर बंद आहे. शेवटी हे यायचे, शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे खाली. कॅनातलं पाणी आंघोळीला चालेल एवढं गरम.

"कुठं होता इतका वेळ?"

"बोअरवर. लाईट नव्हती."

"आन् फोन?"

"तापला. बंद पडला."

पहिल्यांदा मी सोडून दिलं. ऊनच तसलं होतं. पण रोज उठून फोन तापायला तो काय चुलीत ठेवता का? आणि फोन तापला तर माणूस का लपून बसंल?

त्यात शेजारच्या साळूबाईनं काडी टाकली. साळूबाईचा भाचा रिक्षा चालवतो, त्याच्यासोबत ती दवाखान्यात गेली होती. मला गाठून हळू आवाजात म्हणाली, "आवडाबाई, तुमची गाडी उस्मानपुऱ्यात दिसली गं. एका बंगल्यासमोर, झाडाखाली. तात्यासाहेब आतच बसले होते. मी हात केला, पण बघितलं नाही त्यांनी."

मुकुंदवाडी इकडं, बोअर त्याच्याही पलीकडं, आणि उस्मानपुरा पार दुसऱ्या टोकाला. पाण्याचे कॅन घेऊन माणूस उस्मानपुऱ्यात कशाला जाईल? आणि पहिलं काय आठवलं असेल? ठेचा.

साळूबाईला म्हणलं, "दुसऱ्याची गाडी असंल." घरात येऊन मात्र तवा असा आपटला की मोनिका धावत आली.

मी ठरवलं, आरडाओरडा करायचा नाही. चोराला चोर म्हणलं की तो सावध होतो. फोन तापतो म्हणतो ना? ठीक आहे. फोन तापूच द्यायचा नाही. मग बघू दुपारी काय बंद पडतं ते.

शिवराजला म्हणलं, "बाबांचा फोन गाडीत लई तापतोय, काही तरी कर." पोरगं कामाला लागलं. यांनी फोन समोरच्या काचेला चिकटवलेल्या स्टँडमध्ये अडकवलेला असायचा. शिवराज म्हणाला, "काचेवर डायरेक्ट ऊन लागतंय, तापणार नाही तर काय होईल?" त्यानं तो स्टँड काढला आणि एसीच्या जाळीला अडकवायचा चिमटा आणला, म्हणजे गार वारा थेट फोनच्या पाठीला. गाडी उभी केली की काचेआड लावायला चंदेरी पडदाही आणला. मोनिकानं फोनचं जाडजूड कव्हर काढून टाकलं, उजेड कमी केला, आणि मास्तरीणबाईंच्या आवाजात बजावलं, "बाबा, गाडीत चार्जिंगला लावायचा नाही. चार्जिंग आणि ऊन दोन्ही मिळून जास्त तापतो. आणि वापरात नसेल ते सगळं बंद करायचं."

हे मान हलवत राहिले. नायला नाय नाही, व्हयला व्हय नाही. एरवी कोणी यांच्या गाडीला हात लावला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. माझा संशय तिथंच दुप्पट झाला. गुन्हेगारच एवढा गरीब होतो.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी परत फोन बंद, परत उशीर. का, तर एसी गार वारा देत नाही, गॅस संपलाय. गॅस भरून आणला. परत तेच. का, तर चिमटा निसटला.

मग मी माझी अक्कल लावली. जीपच्या वेळची छागल माळ्यावर पडलेली होती. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, गाडीच्या पुढं बांधायची. बाहेरून ओली राहते, वारा लागला की आतलं पाणी गार. मी तिचं कापड कापून फोनाच्या मापाची पिशवी शिवली, आतून प्लास्टिकचं अस्तर घातलं. मोनिका ओरडायला लागली, "आई, ओलं नको, फोनमध्ये पाणी जाईल!" तिला म्हणलं, "मग काय फ्रीजमध्ये ठेवायचा?" तर म्हणते, "ते तर अजिबातच नको, एकदम गार केला तर आत दव धरतं." असू दे. मी अस्तर दुहेरी केलं. रोज दुपारी पिशवीचं कापड बाहेरून ओलं करून यांच्या हातात द्यायची, आणि मनात म्हणायची, बच्चमजी, आता कसा तापतो ते बघते.

एक दिवस हे आले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी कॅन उतरवायच्या निमित्तानं गाडीत डोकं घातलं. माझी पिशवी सीटखाली पडलेली, कोरडी ठणठणीत. फोन परत काचेशी, जुन्या स्टँडमध्ये. तो स्टँड यांनी कुठून तरी शोधून परत चिकटवला होता.

माझं टाळकं सटकलं. "मी इथं सुया टोचून घेतल्या, आणि तुम्ही पिशवी पायाखाली घालता?"

"पिशवीत ठेवला तर बघायचा कसा?" हे पटकन बोलून गेले.

"गाडी चालवताना फोन बघायचा कशाला? कोणाची वाट बघता त्यात?"

यांनी कॅन उचलला आणि आत गेले. दुसरा कॅन गाडीतच राहिला. मला वाटलं, पकडला गेला म्हणून भांबावलाय.

रात्रभर सत्यभामेला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की तिला उचक्या लागल्या असतील. या वयात! मेली ठेचा करून करून हात भाजले नसतील का हिचे? आणि यांनाही सोडलं नाही. आयुष्यभर भाकरी मी थापायची, दुष्काळात बादल्या मी ओढायच्या, आणि दुपार मात्र उस्मानपुऱ्यात. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग येत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तशी मी चपला घालून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

हे दारातच थबकले. "तू कुठं?"

"बोअरवर. लई दिवसांत वावर बघितलं नाय."

"उन्हात कशाला? चक्कर येईल."

"आली तर येऊ द्या. तुम्ही आहात ना धरायला."

हे उभेच राहिले. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा घराकडं. मला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हणलं, आता कशी जिरली!

बसले शेवटी. फोन स्टँडमध्ये लावला, बोटानं काही तरी दाबलं, आणि फोनमधून बाईचा आवाज आला, "पुढं सरळ जा."

"ही कोण?"

"नकाशा आहे. मोबाइलच्या दुकानातून टाकून घेतलाय."

"आपल्या वावराला जायला नकाशा?"

"ट्रॅफिक कळतं त्यानं," हे म्हणाले. "समदे वापरतात आजकाल."

ती बाई डावीकडं म्हणली की हे डावीकडं, उजवीकडं म्हणली की उजवीकडं. मी म्हणलं, शौक बघा म्हाताऱ्याचे. बायकोचा आवाज कानात गेला की यांना झोप लागते, आणि हिचा शब्द खाली पडू देत नाहीत.

बोअरवर पोचलो. मोटार लावली, कॅन भरले. भोवतीनं कुंपणं, पत्रे, अर्ध्या बांधलेल्या इमारती. आमचं आंब्याचं झाड जिथं होतं तिथं आता पार्किंग झालेलं. हे पाइप धरून उभे होते. फोन मात्र गाडीत काचेशी, उन्हात तसाच, आतला नकाशा चालूच. चंदेरी पडदा घडी घालून मागं पडलेला. मी मुद्दामच काही बोलले नाही. तापू दे म्हणलं. मला तेच बघायचं होतं, बंद पडल्यावर हा माणूस कुठं जातो.

परतताना जालना रोडला लागलो तोवर फोनवर काही तरी लाल दिसलं, आणि स्क्रीन काळी झाली. नकाशावाल्या बाईचं बोलणं अर्ध्यातच तुटलं. यांनी दोन-तीनदा बोट दाबलं. फोनला हात लावला तर चटका बसला, तसा हात मागं घेतला. पण गाडी थांबवली नाही.

मुकुंदवाडीचं वळण आलं. हे वळले नाहीत. वळण गेलं.

माझे कान गरम झाले. गाडी सरळ निघाली होती, पूल चढली, पूल उतरली, शहराच्या आतल्या बाजूला. मांडीवर पदर घट्ट धरून बसले. म्हणलं, बायको शेजारी बसलेली असताना हा माणूस तिच्या दाराला चाललाय. कुठून आणली एवढी हिंमत? क्रांती चौक गेला. गाडी वळत वळत उस्मानपुऱ्यात शिरली, आणि एका बंगल्यासमोर, मोठ्या झाडाच्या सावलीत उभी राहिली. साळूबाई म्हणाली होती तसंच, अगदी तसंच.

मी पदर कमरेला खोचला. दार उघडायला हात घातला, तेवढ्यात बंगल्याचं फाटक वाजलं. एक मुलगी बाहेर आली, पंचविशीतली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात स्कूटीची किल्ली. गाडीशी वाकून म्हणाली, "काका, आज परत फोन बंद पडला का? पाणी देऊ प्यायला?" मग मला बघून हसली. "बरं झालं काकू, आज तुम्ही आहात सोबत. ते एकटेच बसून राहतात इथं, आत या म्हणलं तरी येत नाहीत." आणि स्कूटी काढून निघून गेली.

मी फाटकाकडं बघत राहिले. आतून दुसरं कोणी आलं नाही. पाटीवर भलतंच आडनाव. सत्यभामेचा तिथं काही संबंधच नव्हता.

"इथं काय करता तुम्ही?" मी विचारलं.

"थांबतो. सावली हाय. फोन थंड झाला की निघायचं."

"फोनचं काय घेऊन बसलात? घरी जायचंय ना?"

"घरीच जायचंय."

"मग चला की."

यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं. समोर बघत होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, येत होत्या, आणि हे एकेका गाडीकडं असं बघत होते, जणू त्यातली एखादी थांबून यांना काही सांगणार आहे.

"कुठून?" हे म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. मी तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. कान लाल झाले होते, हनुवटी हलत होती. चारचौघांत भीक मागायची वेळ आल्यावर माणसाचं तोंड होईल, तसं झालं होतं.

"ती बाई बोलत असली की कळतं," हे हळू म्हणाले. "ती बंद पडली की समदे रस्ते सारखेच दिसतात, आवडे. लई बिल्डिंगा झाल्या."

व्हय म्हणावंसं वाटलं. बिल्डिंगा झाल्याच होत्या. पण त्या काय काल झाल्या? आणि आमचं घर तर होतं तिथंच होतं, स्टेशनाच्या मागं, लग्न होऊन आले तेव्हापासून.

मग फोन खरंच तापत होता. फोनबद्दल यांनी मला एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. घरापासून वावरापर्यंत आणि वावरापासून घरापर्यंत हा माणूस नकाशा चालू ठेवून चालवत होता, म्हणून तापत होता. बंद पडला की वळण हुकायचं, आणि सवयीनं त्याच झाडाखाली जाऊन हे बसायचे, तो गार होईपर्यंत. आमचा फोन लागला असता तरी कुठं आहात याचं उत्तर यांच्याकडं नसतं. आणि कोणाला रस्ता विचारायचा तर तात्यासाहेब होते ना हे. जीव गेला तरी विचारला नसता.

मी खोचलेला पदर सोडला. "गाडी चालू करा," म्हणलं. "वळवून घ्या."

"कोणत्या हाताला?"

"उजव्या."

वळवली. "आता सरळ. आता चौकातून पुढं. आता पूल चढा. सावकाश." मी सांगत गेले तसे हे ऐकत गेले. एका शब्दाला उलट बोलले नाहीत. हा माणूस माझं कधी ऐकत नाही म्हणून मी जन्मभर रडले. त्या दिवशी ऐकत होता, आणि मला ते बघवत नव्हतं. खिडकीकडं तोंड करून मी सांगत राहिले, "आता उजवीकडं. आता स्टेशनाची गल्ली. हां, थांबा. आलं."

मोनिका दारातच होती. "आई, आजपण फोन बंद? तापला होता का?"

हे खाली बघत उभे राहिले, कॅन हातात. माझ्याकडं बघायची यांची हिंमत नव्हती.

"व्हय गं, लई तापला," मी म्हणलं. "ऊनच तसलं हाय."

शिवराजला सांगावं लागणार होतं. किल्ली काढून घ्यावी लागणार होती, डॉक्टरकडं न्यावं लागणार होतं. मला ते सगळं कळत होतं. पण त्या संध्याकाळी नाही. म्हणलं, एवढी एक संध्याकाळ यांची राहू दे. यांना चहा दिला, यांनी बशीत ओतून घेतला, नेहमीसारखा.

दिवेलागणीला देवापुढं बसले. इतके दिवस रोज मी त्याच्याकडं एकच गाऱ्हाणं घालायची, त्या सत्यभामेचं तोंड काळं कर म्हणून. त्या दिवशी हात जोडले आणि तोंडातून भलतंच निघालं. म्हणलं, देवा, यांची बाईच असू दे रे. उस्मानपुऱ्यात असू दे, फर्दापूरला असू दे, कुठंपण असू दे. मी तिच्या झिंज्या धरीन, यांना ओढत घरी आणीन. बाईशी मला भांडता येतं.